‘रिबाउंड’ या इंग्रजी शब्दाचे अर्थ आणि उपयोग : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

क्रीडावृत्त, शेअर बाजाराची बातमी, औषधाच्या खोक्यातील माहितीपत्रक आणि भूगोलाचे पाठ्यपुस्तक यांचा एकमेकांशी फारसा संबंध नसतो. तरीही ‘रिबाउंड’ हा शब्द या चारही ठिकाणी भेटतो आणि प्रत्येक ठिकाणी त्याचा मराठी अर्थ निराळा निघतो. सर्वत्र ‘उसळी’ लिहिले की काम भागते, अशी अनेकांची समजूत आहे. ती चुकीची आहे, आणि वैद्यकीय मजकुरात तर धोक्याचीही ठरू शकते. या शब्दाविषयी वाचक, विद्यार्थी आणि भाषांतर करणारे जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत.

‘रिबाउंड’चा मूळ अर्थ काय?

एखादी वस्तू दुसऱ्या वस्तूवर आदळून परत फिरणे, हा त्याचा पहिला आणि अगदी शब्दशः अर्थ. भिंतीवर मारलेला चेंडू परत येतो, तेव्हा तो ‘रिबाउंड’ होतो. इतर सर्व अर्थ याच चित्रातून निघालेले आहेत. मात्र या चित्रात तीन गोष्टी असतात : आदळणारी वस्तू, तिला अडवणारा पृष्ठभाग आणि चेंडू फेकणारा माणूस. शब्दाचा लाक्षणिक वापर करताना इंग्रजी भाषक कधी पहिल्या, कधी दुसऱ्या, तर कधी तिसऱ्या गोष्टीकडे लक्ष देतात. पडलेली वस्तू पुन्हा वर आली, असे पाहिले की अर्थ ‘सावरणे’ असा होतो. दाबलेली गोष्ट दाब निघताच वर आली, असे पाहिले की अर्थ ‘उफाळणे’ असा होतो. फेकलेली गोष्ट फेकणाऱ्यावरच आली, असे पाहिले की अर्थ ‘उलटणे’ असा होतो. म्हणून हा शब्द स्वभावतः शुभही नाही आणि अशुभही नाही. काय परत आले, कोणाकडे परत आले आणि त्याचे येणे हवेसे होते का, हे तीन प्रश्न वाक्याला विचारल्याशिवाय त्याचे मराठी करता येत नाही.

हा शब्द आला कुठून?

जुन्या फ्रेंच भाषेतील ‘रबोंदीर’ या क्रियापदावरून तो मध्ययुगीन इंग्रजीत आला. ‘र’ म्हणजे परत आणि ‘बोंदीर’ म्हणजे उडी घेणे. पण या ‘बोंदीर’चा आरंभीचा अर्थ उडी घेणे हा नव्हता, तो घुमणे, निनादणे असा होता. त्याचे मूळ लॅटिनमधील ‘बोंबुस’ म्हणजे घुमणारा, गुणगुणणारा आवाज या शब्दापर्यंत जाते, आणि ‘बॉम्ब’ हा शब्दही त्याच कुळातला आहे. म्हणजे आधी आवाज परत आला आणि नंतर चेंडू.

मराठी वाचकाला ही व्युत्पत्ती ओळखीची वाटावी. आपला ‘पडसाद’ हा संस्कृत ‘प्रतिशब्द’ याचे प्राकृतातून आलेले रूप आहे. त्याचाही मूळ अर्थ परत आलेला आवाज असाच आहे, आणि आज आपण एखाद्या घटनेचे पडसाद उमटले असे म्हणतो तेव्हा कानांनी ऐकू येणारे काहीच अभिप्रेत नसते. दोन भाषांनी एकाच अनुभवापासून सुरुवात केली आणि त्या दोन वेगळ्या वाटांनी गेल्या, हे मला या शब्दाच्या अभ्यासातील सर्वांत आनंदाचे ठिकाण वाटते.

उच्चार कसा करावा आणि मराठीत कसे लिहावे?

इंग्रजीत नाम आणि क्रियापद यांचे लेखन एकच असले तरी आघात बदलतो. नाम असताना आघात पहिल्या अवयवावर, म्हणजे ‘रि’वर, येतो आणि ऐकताना ते ‘रीबाउंड’सारखे वाटते; क्रियापद असताना आघात ‘बाउंड’वर येतो. मराठीत हा भेद लेखनातून दाखवण्याची गरज नाही. ‘रिबाउंड’ हे ऱ्हस्व ‘रि’चे रूप दोन्हींसाठी पुरेसे आहे. मराठीत हे नाम पुल्लिंगी रुळले आहे : रिबाउंड घेतला, रिबाउंड मिळाला, रिबाउंड हुकला.

इंग्रजी वाक्यात नेमका कोणता अर्थ आहे, हे कसे ओळखावे?

शब्दानंतर कोणते शब्दयोगी येते ते पाहावे. ही सर्वांत भरवशाची खूण आहे आणि शाळेत ती क्वचितच सांगितली जाते.

‘रिबाउंड ऑफ’ असे आले की अर्थ शब्दशः असतो : चेंडू खांबावर आदळून परत आला, प्रकाश आरशावरून परतला. ‘रिबाउंड फ्रॉम’ असे आले की बहुधा वाईट स्थितीतून वर येणे अभिप्रेत असते : पराभवातून संघ सावरला, मंदीतून व्यापाराने उभारी घेतली. ‘रिबाउंड ऑन’ किंवा ‘अपॉन’ असे आले की कृतीचे वाईट फळ कर्त्याकडेच परत आल्याचे सांगायचे असते : खोटा आरोप आरोप करणाऱ्याच्याच अंगाशी आला, कट रचणाऱ्यावरच उलटला. केवळ शब्दयोगी बदलल्याने ‘सावरणे’चे ‘अंगाशी येणे’ होते, आणि घाईत केलेल्या भाषांतरात नेमकी येथेच चूक होते. ‘धोरण सरकारवर रिबाउंड झाले’ या अर्थाच्या इंग्रजी वाक्याचे ‘सरकारच्या धोरणाने उसळी घेतली’ असे मराठी केले, तर टीकेची स्तुती होऊन बसते.

नुसतेच ‘रिबाउंड’ असेल आणि कर्ता किंमत, विक्री, संख्या किंवा निर्देशांक असेल, तर अर्थ घसरणीनंतरची वाढ हाच असतो.

मग मराठीत एकच ठरावीक प्रतिशब्द का नाही?

कारण इंग्रजीने एका शब्दात कोंबलेले अर्थ मराठीने आधीपासूनच वेगवेगळ्या क्रियापदांत वाटून ठेवले आहेत. चेंडू उसळतो, बाजार सावरतो, भाव उचल खातो, जुना राग उफाळून येतो, डाव उलटतो, चेष्टा अंगाशी येते, आणि खचलेला माणूस पुन्हा उभा राहतो. यांतील कोणतेही क्रियापद दुसऱ्याच्या जागी ठेवून पाहावे. वाक्य लगेच खटकते. ही मराठीची उणीव मानून ‘प्रतिउच्छलन’ यासारखा एखादा जडजंबाळ शब्द घडवण्याचे कारण नाही. पारिभाषिक अर्थ असेल तेथे ‘रिबाउंड’ हाच शब्द ठेवावा आणि पहिल्यांदा येईल तेथे एका वाक्यात उलगडून सांगावा; सर्वसाधारण अर्थ असेल तेथे योग्य क्रियापद शोधावे.

बाउन्स बॅक, रिकव्हरी, रेझिलियन्स आणि रीकॉइल यांच्यापासून तो कसा वेगळा आहे?

‘बाउन्स बॅक’ हे बोलीतले आणि माणसाविषयी अधिक वापरले जाणारे रूप आहे. त्यात उमेद आणि कौतुकाची छटा असते. ‘रिबाउंड’ त्या मानाने तटस्थ आहे आणि आकड्यांसाठी अधिक सोयीचा आहे.

‘रिकव्हरी’ म्हणजे पूर्वस्थितीला येणे. त्यात वेग गृहीत नसतो. महिनोन्‌महिने चाललेली सुधारणाही रिकव्हरीच असते. ‘रिबाउंड’मध्ये मात्र घसरण आणि चढ यांचा थेट, बहुधा वेगवान संबंध असतो. उलटपक्षी, रिबाउंड झाला म्हणजे पूर्वस्थिती आली असे नव्हे. शंभरावरून साठावर आलेली संख्या पंचाहत्तरावर गेली तर रिबाउंड झाला असे म्हणता येते. रिकव्हरी पूर्ण झाली असे म्हणता येत नाही.

‘रेझिलियन्स’ हा गुण आहे, तर ‘रिबाउंड’ ही घटना आहे. ज्याच्या अंगी चिवटपणा आहे तो सावरतो. पण सावरलेला प्रत्येक जण चिवट होता असे सिद्ध होत नाही, कारण परिस्थिती बदलल्यामुळेही आकडे वर येतात. ‘रीकॉइल’ म्हणजे बंदुकीने गोळी सुटताच मागे दिलेला धक्का, किंवा किळस अथवा भीती वाटून मागे सरणे. तेथे कशावर तरी आदळणे नसते.

खेळांत या शब्दाचा अर्थ काय होतो?

बास्केटबॉलमध्ये तो काटेकोर पारिभाषिक शब्द आहे. बास्केटच्या दिशेने टाकलेला चेंडू आत न जाता परत आला आणि तो ज्या खेळाडूने ताब्यात घेतला, त्याच्या नावावर एक रिबाउंड नोंदवला जातो. म्हणजे चेंडूचे परत येणे याला रिबाउंड म्हणतातच, पण नोंद होते ती त्याला पकडण्याची. फेकणाऱ्या संघानेच चेंडू परत मिळवला तर तो आक्रमक रिबाउंड. प्रतिस्पर्ध्याने मिळवला तर बचावात्मक. आक्रमक रिबाउंडचे मोल अधिक, कारण हुकलेल्या संधीच्या जागी दुसरी संधी मिळते. मात्र आंतरराष्ट्रीय नियमांनुसार चेंडू रिंगला लागल्यानंतर त्याच संघाने तो परत घेतला, तर पुढचा प्रयत्न करण्यासाठी पूर्ण २४ सेकंद मिळत नाहीत. १४ सेकंदच मिळतात. अमेरिकेतील व्यावसायिक स्पर्धेत विल्ट चेंबरलेन यांनी २४ नोव्हेंबर १९६० रोजी एकाच सामन्यात ५५ रिबाउंड घेतले होते, आणि कारकिर्दीत त्यांच्या नावावर २३,९२४ रिबाउंड जमा झाले. केवळ उंचीने हे साधत नाही. चेंडू रिंगच्या कोणत्या बाजूला पडेल याचा अंदाज घेणे आणि प्रतिस्पर्ध्याला पाठीशी ठेवून जागा अडवणे, ही या कामातील खरी कसोटी असते.

फुटबॉलच्या नियमांत हा शब्द निर्णायक आहे. ऑफसाइड जागी, म्हणजे नियमाला मान्य नसलेल्या पुढच्या जागी, उभ्या असलेल्या खेळाडूकडे चेंडू गोलखांबावर, आडव्या दांडीवर किंवा प्रतिस्पर्ध्याच्या अंगावर आदळून आला आणि त्याने तो खेळला, तर तो दोषी ठरतो. मात्र प्रतिस्पर्ध्याने चेंडू जाणूनबुजून खेळला असेल आणि तो गोल वाचवण्याचा प्रयत्न नसेल, तर ठरत नाही. सामन्यातील पेनल्टीच्या वेळी गोलरक्षकाने अडवलेला चेंडू तोच खेळाडू पुन्हा मारू शकतो. पण चेंडू नुसता खांबावरून परत आला असेल, तर दुसऱ्या कोणाचा स्पर्श होईपर्यंत त्याला तो मारता येत नाही.

क्रिकेटमध्ये टप्प्यानंतर चेंडू उसळतो त्याला ‘बाउन्स’ म्हणतात, ‘रिबाउंड’ नव्हे. यष्टिरक्षकाच्या पॅडवर किंवा अंगावर आपटून चेंडू यष्ट्यांवर गेला तर तो मात्र रिबाउंड होय, आणि फलंदाज क्रीझबाहेर असल्यास त्यावर यष्टिचीतही देता येते. कॅरममध्ये स्ट्रायकर चौकटीवर आपटून परत आणण्याच्या फटक्याला मराठी खेळाडू ‘रिबाउंड’च म्हणतात, आणि तो वापर मूळ अर्थाला पूर्णपणे धरून आहे.

आदळून परत येणारी वस्तू आधीच्या उंचीपर्यंत का पोहोचत नाही?

आदळताना तिच्यातील काही ऊर्जा आकार बदलण्यात, उष्णतेत आणि आवाजात खर्च होते. टेनिसच्या नेहमीच्या चेंडूची चाचणी या तत्त्वावरच घेतली जाते : २५४ सेंटिमीटर उंचीवरून तो कठीण, सपाट पृष्ठभागावर सोडला असता १३५ ते १४७ सेंटिमीटर उसळला पाहिजे. म्हणजे चांगला चेंडूही निम्म्याहून थोडाच अधिक वर येतो. वेगाच्या भाषेत सांगायचे तर तो ज्या वेगाने आदळतो, त्याच्या साधारण तीन चतुर्थांश वेगाने परत फिरतो.

पुढील उत्तरांसाठी हे लक्षात ठेवणे उपयोगाचे आहे. निर्जीव चेंडू सोडलेल्या उंचीपेक्षा वर कधीच जात नाही. शरीर, मन आणि बाजार मात्र जाऊ शकतात, कारण त्यांच्यात स्वतःची ऊर्जा ओतणाऱ्या यंत्रणा असतात.

बांधकामातील ‘रिबाउंड हॅमर’ म्हणजे काय?

काँक्रीट न फोडता त्याच्या पृष्ठभागाची कठीणता तपासण्याचे हातात धरता येणारे उपकरण. ते स्वित्झर्लंडचे अर्न्स्ट श्मिट यांनी १९४० च्या दशकाच्या अखेरीस तयार केले. स्प्रिंगच्या जोराने आतील वजन काँक्रीटवर आदळते आणि किती मागे आले त्याचा अंक पट्टीवर दिसतो. पृष्ठभाग जितका कठीण तितका अंक मोठा. हा अंक म्हणजे काँक्रीटची ताकद नव्हे. ओलावा, पृष्ठभागाचा गुळगुळीतपणा आणि उपकरण धरण्याचा कोन यांनी तो बदलतो.

वैद्यकात ‘रिबाउंड’ म्हणजे बरे होणे का?

नाही, आणि या पानावरील सर्वांत महत्त्वाचे उत्तर हेच आहे. वैद्यकीय लेखनात रिबाउंड म्हणजे बहुधा एखाद्या औषधाने दाबून ठेवलेले लक्षण, औषधाचा अंमल उतरताच किंवा ते एकदम बंद करताच, पूर्वीपेक्षा अधिक जोराने परत येणे. तेथे ‘रुग्णाने उसळी घेतली’ असे लिहिणे म्हणजे अर्थ उलटा करणे होय. योग्य मराठी क्रियापद ‘उफाळणे’ हे आहे.

चोंदलेले नाक मोकळे करणाऱ्या, ऑक्सिमेटाझोलिन किंवा झायलोमेटाझोलिन असलेल्या थेंबांचे उदाहरण बहुतेकांच्या अनुभवातील असेल. हे औषध नाकातील रक्तवाहिन्या आकुंचित करते आणि काही मिनिटांत श्वास मोकळा होतो. ते सलग बरेच दिवस वापरले तर अंमल उतरताच त्या रक्तवाहिन्या आधीपेक्षाही अधिक फुगू लागतात, नाक पुन्हा चोंदते, माणूस पुन्हा थेंब घालतो, आणि मूळ सर्दी केव्हाच गेलेली असूनही औषधानेच निर्माण केलेला आजार चालू राहतो. म्हणूनच हे थेंब तीन ते पाच दिवसांहून अधिक वापरू नयेत, असे सांगितले जाते.

डोकेदुखीचेही तसेच आहे. साध्या वेदनाशामक गोळ्या महिन्यातून पंधरा किंवा अधिक दिवस, अथवा अर्धशिशीवरील ट्रिप्टान गटातील आणि एकाहून अधिक वेदनाशामके असलेल्या मिश्र गोळ्या दहा किंवा अधिक दिवस, अशा रीतीने तीन महिन्यांहून अधिक काळ घेतल्या गेल्या, तर गोळीच डोकेदुखीचे कारण बनू शकते. बोलण्यात याला रिबाउंड डोकेदुखी म्हणतात. वैद्यकीय वर्गीकरणातील नाव मात्र औषधांच्या अतिवापराची डोकेदुखी असे आहे, आणि मला ते अधिक प्रामाणिक वाटते, कारण त्यात कारण सांगितलेले आहे.

रक्तदाब आणि हृदयविकार यांच्या काही औषधांत हा प्रकार जिवावर बेतू शकतो. क्लोनिडिन एकदम थांबवल्यास रक्तदाब झपाट्याने वर जातो. बीटा ब्लॉकर गटातील औषधे दीर्घकाळ घेतली असता शरीर आपल्या ग्राहींची, म्हणजे संप्रेरकाचा संदेश स्वीकारणाऱ्या पेशींवरील जागांची, संख्या वाढवून त्या दाबाशी जुळवून घेते. औषध अचानक बंद झाले की वाढलेल्या ग्राहींवर नेहमीचेच संप्रेरक अधिक जोराने काम करते, नाडी वेगाने चालते आणि छातीत दुखू शकते. झोपेच्या काही गोळ्या बंद केल्यावर पहिल्या काही रात्री पूर्वीपेक्षाही कमी झोप लागणे, किंवा आम्ल कमी करणाऱ्या ओमेप्राझोलसारख्या गोळ्या दीर्घकाळानंतर थांबवल्यावर जळजळ वाढणे, हीदेखील त्याच तत्त्वाची रूपे आहेत. या सर्वांवरचा मार्ग बहुधा एकच असतो : औषध स्वतःच्या मनाने न थांबवता डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू कमी करणे.

आजार उलटणे आणि रिबाउंड यांत फरक आहे का?

आहे, आणि मराठीत तो फार चांगला दाखवता येतो. बरा होत आलेला ताप पुन्हा आला तर आपण ‘दुखणे उलटले’ असे म्हणतो. इंग्रजीत त्याला ‘रिलॅप्स’ म्हणतात. तेथे मूळ आजारच साधारण त्याच स्वरूपात परत येतो. रिबाउंडमध्ये लक्षण आधीच्या पातळीच्याही वर जाते आणि त्याचे कारण औषधाला शरीराने दिलेले उत्तर हे असते. तिसरा प्रकार ‘विड्रॉअल’चा. त्यात औषध किंवा व्यसन थांबवल्यावर पूर्वी कधीच नसलेली नवी लक्षणे दिसतात, जसे हातांची थरथर किंवा घाम. रुग्णाने डॉक्टरांना माहिती देताना ‘जुनाच त्रास परत आला’, ‘जुना त्रास अधिक वाढून आला’ आणि ‘नवाच त्रास सुरू झाला’ या तीन वाक्यांत भेद केला, तर निदानाला मोठी मदत होते.

व्यवहारात हा भेद नेहमी पाळला जातोच असे नाही. २०२२ मध्ये कोविडवरील पॅक्सलोविड या गोळ्यांचा पाच दिवसांचा उपचार संपल्यावर काहींची चाचणी पुन्हा सकारात्मक येऊ लागली, तेव्हा त्याला ‘कोविड रिबाउंड’ म्हटले गेले. अमेरिकेचे तत्कालीन अध्यक्ष जो बायडेन यांची चाचणी २१ जुलै रोजी सकारात्मक आली, उपचारानंतर ती नकारात्मक झाली आणि ३० जुलै रोजी पुन्हा सकारात्मक आली. तेथे आजार पूर्वीपेक्षा तीव्र होणे अपेक्षित नव्हते, आणि औषध न घेतलेल्यांतही असे पुनरागमन आढळले. काटेकोरपणे पाहता येथे ‘उलटणे’ हेच क्रियापद अधिक जवळचे होते.

पोट तपासताना डॉक्टर ‘रिबाउंड’ पाहतात, ते काय असते?

डॉक्टर पोटावर हळूहळू दाब देतात आणि हात एकदम उचलतात. दाबताना जितके दुखले त्यापेक्षा हात उचलताना अधिक दुखले, तर उदरपोकळीच्या अस्तराला दाह झाल्याची शंका घेतली जाते. अपेंडिक्सच्या सुजेत हे लक्षण शोधतात. जर्मन शल्यचिकित्सक ब्लुमबर्ग यांच्या नावानेही ते ओळखले जाते. येथे परत येते ती वेदना नव्हे. दाबलेली पोटाची भिंत झटक्यात परत येते आणि सुजलेले अस्तर हलते.

शेअर बाजाराच्या बातम्यांत हा शब्द कसा वाचावा?

टक्केवारीकडे सावधपणे पाहून वाचावा. घसरणीची आणि चढाची टक्केवारी वेगवेगळ्या पायावर मोजली जाते, म्हणून दोन्ही आकडे समान असले तरी नुकसान भरून निघत नाही. २० टक्के घसरण भरून काढण्यासाठी २५ टक्के वाढ लागते. ५० टक्के घसरणीसाठी १०० टक्के. अमेरिकेचा एस अँड पी ५०० हा निर्देशांक १९ फेब्रुवारी ते २३ मार्च २०२० या काळात सुमारे ३४ टक्के घसरला. त्याला जुनी पातळी गाठण्यासाठी ५० टक्क्यांहून अधिक चढावे लागले, आणि १८ ऑगस्ट २०२० रोजी त्याने पूर्वीचा उच्चांक ओलांडून दिवसअखेर केली. हा रिबाउंड पूर्ण होता. मोठ्या पडझडीच्या मध्येच दोन-चार दिवस भाव वर येतात आणि पुन्हा खाली जातात, त्याला मराठीत ‘फसवी उसळी’ म्हणणे योग्य होईल. अडचण अशी की, उसळी फसवी होती की खरी, हे ती घडत असताना सांगता येत नाही. म्हणून ‘बाजार सावरला’ हे शीर्षक पहिल्याच दिवशी देण्यापेक्षा ‘बाजार वधारला’ असे लिहिणे मला अधिक जबाबदारीचे वाटते.

ऊर्जाबचतीच्या चर्चेतील ‘रिबाउंड इफेक्ट’ म्हणजे काय?

यंत्र अधिक कार्यक्षम झाल्यामुळे अपेक्षित असलेल्या बचतीचा काही भाग वाढत्या वापरात परत जाणे. वाहन कमी इंधनात अधिक अंतर जाऊ लागले की प्रवास स्वस्त होतो, आणि स्वस्त झाला की लोक अधिक प्रवास करतात. शंभर एकक बचत अपेक्षित असताना प्रत्यक्षात सत्तर एककच झाली, तर रिबाउंड तीस टक्के झाला असे म्हणतात. शिवाय वाचलेला पैसा दुसऱ्या कशावर तरी खर्च होतो आणि त्यातही ऊर्जा लागते. तो अप्रत्यक्ष रिबाउंड.

ही कल्पना जुनी आहे. ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञ विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स यांनी १८६५ मध्ये कोळशाच्या प्रश्नावरील आपल्या ग्रंथात दाखवून दिले होते की, वाफेची इंजिने कमी कोळशात अधिक काम करू लागल्यावर कोळशाची एकूण मागणी घटली नाही, उलट वाढली. बचतीपेक्षा वाढीव वापरच अधिक होतो, म्हणजे रिबाउंड शंभर टक्क्यांच्या वर जातो, तेव्हा इंग्रजीत त्याला ‘बॅकफायर’ असा वेगळा शब्द आहे. हे दोन शब्द एक मानू नयेत. तीस टक्के रिबाउंड असला तरी सत्तर टक्के बचत खरीच असते, आणि ‘कार्यक्षमतेचा उपयोग नाही’ असा निष्कर्ष त्यातून काढणे अन्याय्य आहे. म्हणून मराठीत याला ‘उलट परिणाम’ म्हणू नये. ‘बचतीतील गळती’ असे म्हटले तर अर्थाच्या बरेच जवळ जाता येते.

जमीनही रिबाउंड होते, असे म्हणतात ते कसे?

शेवटच्या हिमयुगात उत्तर युरोप आणि कॅनडा यांवर काही ठिकाणी सुमारे तीन किलोमीटर जाडीचा बर्फ होता. त्याच्या भाराने भूकवच खाली दबले आणि खालचे अतिशय घट्ट, पण संथपणे वाहू शकणारे प्रावरण बाजूला सरकले. बर्फ वितळून हजारो वर्षे झाली, तरी प्रावरण अजून परत येत आहे आणि जमीन वर उचलली जात आहे. स्वीडन आणि फिनलंड यांच्यामधील बोथनियाच्या आखातालगत हा वेग वर्षाला जवळजवळ एक सेंटिमीटर इतका आहे. शास्त्रज्ञ अँडर्स सेल्सियस यांनी १७३१ मध्ये तेथील एका खडकावर समुद्राच्या पातळीची खूण कोरून ठेवली होती. पाणी ओसरत आहे, असे त्यांना वाटत होते. प्रत्यक्षात जमीन वर येत होती. तेथील ‘हाय कोस्ट’ आणि ‘क्वार्केन’ हा प्रदेश याच कारणासाठी जागतिक वारसा यादीत आहे.

भूकंपशास्त्रातील रिबाउंड याच्या अगदी उलट, क्षणात घडणारा आहे. १९०६ च्या सॅन फ्रान्सिस्को भूकंपानंतर हॅरी फील्डिंग रीड यांनी १९१० मध्ये मांडले की, भ्रंशरेषेच्या, म्हणजे भूकवचातील मोठ्या भेगेच्या, दोन्ही बाजूंचा खडक वर्षानुवर्षे धनुष्यासारखा वाकत जातो, आणि घर्षण हरले की एकदम सुटून आपल्या ताणमुक्त आकारात परत येतो. त्या झटक्यात साठलेली ऊर्जा म्हणजेच भूकंप. एकाच शब्दाने हजारो वर्षांची हालचालही सांगितली जाते आणि काही सेकंदांचीही, कारण दोन्हींत तत्त्व एकच आहे : भार किंवा अडसर दूर झाला की दबलेले परत येते.

विचार दाबला की तो अधिक येतो, यालाही रिबाउंड म्हणतात का?

होय. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ डॅनियल वेग्नर यांनी १९८७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात सहभागींना पाच मिनिटे पांढऱ्या अस्वलाचा विचार न करण्यास सांगितले. तो विचार त्यांना पूर्णपणे टाळता आला नाही. आणि नंतर मोकळीक दिल्यावर, सुरुवातीपासूनच मोकळीक असलेल्यांपेक्षा त्यांच्या मनात अस्वल अधिक वेळा आले. झोपेतही असेच घडते. स्वप्नांचा टप्पा काही रात्री मिळू दिला नाही, तर पुढे मोकळी झोप मिळताच तो टप्पा नेहमीपेक्षा अधिक वेळ व्यापतो.

‘ऑन द रिबाउंड’ असलेला माणूस म्हणजे कोण?

एक प्रेमसंबंध नुकताच तुटला आहे आणि त्याचे दुःख ओसरण्याआधीच जो दुसऱ्या संबंधात शिरला आहे, असा माणूस. चित्र चेंडूचेच आहे : एका ठिकाणी आपटून दुसऱ्याच्या हाती लागणे. या प्रयोगात नव्या संबंधाविषयी शंका गृहीत धरलेली असते आणि ती प्रत्येक वेळी रास्त असतेच असे नाही. मानसशास्त्रज्ञ क्लॉडिया ब्रंबॉ आणि ख्रिस फ्रेली यांच्या अभ्यासात लवकर नव्या संबंधात गेलेल्यांचा आत्मविश्वास आणि मनःस्थिती तुलनेने चांगली आढळली होती. म्हणून कोणाविषयी हा शब्द वापरताना, आपण केवळ क्रम सांगत आहोत की त्याच्या प्रेमाच्या खरेपणावर शंका घेत आहोत, याचा विचार करावा. मराठीत ‘आधीच्या दुःखातून पुरता सावरला नसताना’ एवढे म्हटले की पुरते.

‘पुस्तक रिबाउंड आहे’ असे वाचले. पुस्तक कसे उसळेल?

तो वेगळाच शब्द आहे. ‘बाइंड’ म्हणजे बांधणे, याचे भूतकाळी रूप ‘बाउंड’. त्याला ‘री’ लागून पुन्हा बांधणी केलेले असा अर्थ होतो. लेखन एकच असले तरी मूळ निराळे आहे. जुन्या पुस्तकांच्या सूचीत हा शब्द दिसला तर मूळ बांधणी गेलेली असून नवी घातली आहे, असे समजावे.

अशीच गल्लत ‘रीडाउंड’ या शब्दाशी होते. एखादी गोष्ट कोणाच्या कीर्तीत भर घालते, असे म्हणण्यासाठी इंग्रजीत तो आहे, आणि त्याचे मूळ लॅटिनमधील ओसंडून वाहणे या अर्थाच्या शब्दात आहे. त्या जागी ‘रिबाउंड’ लिहिलेले आढळल्यास, आणि संदर्भ प्रशंसेचा असल्यास, लेखकाचा हात चुकला आहे असे धरून ‘श्रेय मिळणे’ असे मराठी करावे.